'रायडर्स ऑफ डेस्टिनी' (१९३३) : न्याय सँडीने मिळवून दिला की पाण्याने?

कृष्णधवल

नमस्कार मंडळी. गेले काही महिने मी १९३० च्या दशकातले अमेरिकेतले अल्पखर्ची वेस्टर्न, म्हणजे घोडेस्वार काउबॉयांचे, चित्रपट क्रमाने पाहतो आहे. त्यांतला 'रायडर्स ऑफ डेस्टिनी' पाहून आठवडा झाला तरी तो मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढतो आहे.

चित्रपट १९३३ चा, तासाभरात संपणारा. लेखन आणि दिग्दर्शन रॉबर्ट ब्रॅडबरी यांचे. नायक जॉन वेन, वय अवघे सव्वीस. पुढे तो ज्या भारदस्तपणासाठी ओळखला गेला, तो इथे अजून अंगात मुरलेला नाही. उंच, सडपातळ, काहीसा लाजरा असा हा तरुण पांढऱ्या घोड्यावर बसून गिटार वाजवत, गात पडद्यावर येतो. त्याचे नाव सँडी सॉन्डर्स.

कथा पाण्याची आहे. किन्केड नावाच्या माणसाने खोऱ्यातले पाणी ताब्यात घेतले असून रँचवाल्यांना, म्हणजे गुरे पाळणाऱ्या जमीनदारांना, तो मागेल ती किंमत देऊन पाणी घ्यावे लागते. चार्ली डेंटन या म्हाताऱ्याची विहीर तेवढी त्याच्या कह्यात आलेली नाही. सँडी हा वॉशिंग्टनहून वेष पालटून आलेला सरकारी अधिकारी आहे, पण ते कोणालाच ठाऊक नाही. तो किन्केडचा विश्वास संपादन करतो आणि डेंटनची विहीर सुरुंगाने उडवून टाकण्याची कल्पना त्याच्या गळी उतरवतो. विहीर उडते, पण बुजण्याऐवजी तिच्याखालचे पाणी उसळून वर येते आणि कोरड्या ओढ्यातून खोरेभर वाहू लागते. ज्या पाण्यावर किन्केडला मालकी हवी होती, त्याच पाण्यात तो बुडून मरतो.

माझा प्रश्न असा आहे. न्यायासाठी झगडणारा एकटा घोडेस्वार हा वेस्टर्नचा कणा मानला जातो. इथे तो घोडेस्वार सरकारचा माणूस निघतो आणि खलनायकाला शिक्षा निसर्ग देतो. मग या गोष्टीत न्याय नेमका कोणी केला? मला स्वतःला शेवट थोडा सोयीचा वाटला. किन्केडला न्यायालयात उभे केलेले पाहायला मला अधिक आवडले असते. आपली मते वाचायला उत्सुक आहे.

रीळवेडा

उत्तम धागा. प्रश्नाकडे वळण्याआधी हा चित्रपट कोणत्या परिस्थितीत तयार झाला ते सांगतो, कारण तुम्हाला जो सोयीचा शेवट वाटला त्याचे निम्मे उत्तर त्यात आहे.

१९३० मध्ये राऊल वॉल्श यांनी 'द बिग ट्रेल' या अतिभव्य चित्रपटात वेनला प्रथमच नायक केले. तो चित्रपट ७० मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवरही चित्रित केला होता. पण मंदीच्या तोंडावर नवी यंत्रे आणि नवे पडदे घेण्याची ऐपत फारच थोड्या चित्रपटगृहांची होती. चित्रपट आपटला आणि त्याबरोबर वेनही खाली आला. १९३९ मध्ये जॉन फोर्ड यांच्या 'स्टेजकोच'ने त्याला वर काढेपर्यंतची बरीच वर्षे त्याने अशा छोट्या चित्रपटांत काढली. पॉल मालव्हर्न या निर्मात्याने 'लोन स्टार' या नावाखाली वेनला घेऊन १९३३ ते १९३५ या काळात सोळा वेस्टर्न काढले आणि 'मोनोग्राम'ने ते वितरित केले. 'रायडर्स ऑफ डेस्टिनी' हा त्या सोळांतला पहिला.

मंदीच्या काळात प्रेक्षक टिकवण्यासाठी एका तिकिटात दोन चित्रपट दाखवण्याची पद्धत रुजली होती. त्यातला दुय्यम चित्रपट चित्रपटगृहाला ठरावीक भाड्याने मिळे. त्यामुळे चित्रपट कितीही गाजला तरी निर्मात्याच्या हाती जास्तीचे काही येत नसे आणि नफा हवा तर खर्चच आवळावा लागे. चित्रीकरण आठवड्याच्या आसपास उरकायचे, शक्य तेवढे उघड्यावर करायचे, पार्श्वसंगीत जवळजवळ ठेवायचेच नाही. न्यायालयाचा प्रसंग घ्यायचा म्हणजे दालन उभारा, पंच मंडळ बसवा, संवाद पाठ करून घ्या. वाहते पाणी त्यापेक्षा स्वस्त पडते. मात्र स्वस्त मार्ग आणि योग्य मार्ग एकच निघाला, तर त्यात दिग्दर्शकाचे कौशल्य आहे असेच मी मानतो.

सई_प

रीळवेडा यांच्या शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत, आणि त्यासाठी मी एका प्रसंगाकडे लक्ष वेधू इच्छिते.

किन्केडने आणलेला बंदूकबाज आणि सँडी भर रस्त्यात समोरासमोर येतात तो प्रसंग आठवा. सँडी सावकाश, एकेक पाऊल टाकत चालू लागतो आणि चालता चालता गाऊ लागतो. गाण्याचा विषय आहे रक्त आणि मरण, पण चाल मात्र संथ, जवळजवळ अंगाईसारखी. बाजूची माणसे आडोसा शोधतात. समोरच्याच्या चेहऱ्यावरचा आत्मविश्वास हळूहळू ओसरत जातो. पहिल्यांदा पाहताना मला हे विचित्र वाटले होते. दुसऱ्यांदा पाहताना लक्षात आले की ज्याला आपल्या हातावर पूर्ण भरवसा आहे, तोच माणूस मरणाच्या दारात असा शांतपणे गाऊ शकतो, आणि समोरचा माणूस घाबरतो तो नेमका त्या शांतपणाला.

मग सँडी त्याला ठार मारत नाही, मनगटांवर गोळ्या झाडतो. त्या माणसाला पुन्हा कधी पिस्तूल उचलता येऊ नये, एवढीच शिक्षा. कृष्णधवल, तुम्ही न्यायाचा शोध शेवटच्या पाच मिनिटांत घेत आहात. मला तो या प्रसंगात दिसला. जीव न घेता अन्यायाचे हत्यार निकामी करणे, हीच सँडीची रीत आहे. किन्केडच्या बाबतीतही तो तेच करतो, त्याचे हत्यार म्हणजे पाण्यावरची मक्तेदारी तेवढी हिरावून घेतो.

बाळबोध

तो आवाज वेनचा नाही ना? मला तो चेहऱ्याशी अजिबात जुळत नाही असे वाटले.

रीळवेडा

बाळबोध, आपला कान तयार आहे. आवाज उसना आहे. तो दिग्दर्शकांचा मुलगा बिल ब्रॅडबरी याचा असल्याचे सामान्यतः मानले जाते. बिलचा जुळा भाऊ बॉब स्टील हा स्वतः वेस्टर्नचा लोकप्रिय नायक आणि ग्लेन्डेल येथील शाळेपासूनचा वेनचा मित्र. म्हणजे हा सारा घरचाच मामला होता. वेनला गाण्याचा मनापासून कंटाळा होता आणि 'गाणारा सँडी' हे पात्र पुढे चालवले गेले नाही. गाणारा काउबॉय ही कल्पना मात्र एक-दोन वर्षांतच जीन ऑट्री याने शिखरावर नेली, आणि तो खरोखर स्वतःच्या गळ्याने गाणारा होता.

पाणाडी

मी भूजलाच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून विहिरीविषयी लिहिणे मला भाग आहे.

सुरुंगाने पाणी उसळून वर येणे ही निव्वळ कल्पना नाही, पण त्याला अटी आहेत. जमिनीखालचे पाणी दोन अभेद्य थरांमध्ये दाबाखाली कोंडलेले असेल आणि वरच्या थराला भगदाड पडले, तर ते आपल्या दाबाने वर चढते. दाब पुरेसा असेल तर ते जमिनीवर येऊन वाहूही लागते. कॅलिफोर्नियाच्या खोऱ्यांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशा आपोआप वाहणाऱ्या विहिरी पुष्कळ होत्या आणि पुढे बेसुमार उपशामुळे दाब घटून त्या वाहायच्या थांबल्या. तेव्हा १९३३ च्या तिथल्या प्रेक्षकाला जमिनीतून उसळणारे पाणी परके वाटले नसणार.

मात्र एका सुरुंगाने क्षणार्धात नदी वाहू लागणे आणि ती घोडेस्वाराला बुडवण्याइतकी खोल असणे, हे शास्त्रात बसणारे नाही. तेवढी सूट कथाकाराला द्यावी.

मुक्काम_माण

पाणाडी साहेबांचा प्रतिसाद वाचून राहवले नाही, म्हणून प्रथमच या विभागात लिहितो आहे. चित्रपट मी काल रात्री या धाग्यामुळेच पाहिला.

आमच्याकडे विहिरीत सुरुंग लावणे ही नेहमीची गोष्ट आहे. मुरूम संपून काळा पाषाण लागला की टिकाव चालत नाही. मग छिद्रे पाडून दारू ठासायची, वाती जोडायच्या, यारीने माणसे वर घ्यायची आणि सगळ्यांनी लांब बांधाआड जाऊन बसायचे. मी आठ-नऊ वर्षांचा असताना आमच्या विहिरीत असा सुरुंग लागला, तो दिवस मला अजून लख्ख आठवतो. दणका झाला, दगड उडाले, धूर निवळला आणि आजोबा काठावर पालथे पडून आत वाकून ऐकू लागले. बराच वेळ ते काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी हात वर केला. खालून झुळझुळ आवाज येत होता. आजी तिथेच खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडू लागली. संध्याकाळी नारळ फुटला, पेढे वाटले गेले.

पुढची गोष्ट मात्र आमच्या घरात फारशी कोणी काढत नाही. त्याच उन्हाळ्यात बांधापलीकडच्या विहिरीचे पाणी हातभर, मग पुरुषभर खाली गेले आणि चैत्रात ती विहीर आटली. आमच्या सुरुंगाने त्यांचा झरा आमच्याकडे वळला, असे ते कुटुंब म्हणत राहिले. आजोबांनी शेवटी त्यांना आमच्या विहिरीवरून एक दिवसाआड पाणी द्यायला सुरुवात केली, ते त्यांच्या हयातीत चालले. आजोबा गेल्यावर ते आमच्याच घराने बंद केले, आणि त्याची मला आजही टोचणी आहे.

म्हणून चित्रपटात डेंटनची विहीर फुटली तेव्हा मी किन्केडकडे पाहत नव्हतो. पाणी कुठे जाते, ते पाहत होतो. ते डेंटनच्या अंगणात थांबले नाही, सगळ्यांच्या रानांतून वाहत गेले. माझ्या दृष्टीने न्याय तिथे झाला.

सई_प

मुक्काम माण, तुमचा प्रतिसाद वाचून काही वेळ पुढे काही लिहावेसेच वाटेना. इतक्या मोकळेपणाने लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

अंजलीवैद्य

मी व्यवसायाने वकील आहे. वरच्या प्रतिसादातला प्रश्न, म्हणजे जमिनीखालचे पाणी कोणाचे, हाच या चित्रपटाच्या मुळाशी असलेला कायद्याचा प्रश्न आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

इंग्लंडमधून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आलेला नियम असा, की नदीच्या काठावर ज्याची जमीन आहे त्याला त्या पाण्याचा वाजवी वापर करता येतो. पश्चिमेच्या कोरड्या प्रदेशात हा नियम अपुरा पडला, कारण तिथे खाणी आणि शेते नदीपासून मैलोगणती दूर होती. तिथे दुसरा नियम रुजला : जो आधी पाणी वळवून उपयोगात आणील, त्याचा हक्क आधी. कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८२ मध्ये 'कॉफिन विरुद्ध लेफ्ट हँड डिच' या खटल्यात तो निःसंदिग्धपणे मान्य केला. कॅलिफोर्नियात १८८६ च्या 'लक्स विरुद्ध हॅगिन' निकालानंतर दोन्ही नियम शेजारी शेजारी नांदू लागले.

भूजलाचे आणखी वेगळे. १९०३ च्या 'कॅट्झ विरुद्ध वॉकिन्शॉ' या खटल्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की एकाच भूजलसाठ्यावर ज्यांच्या जमिनी आहेत, त्या सर्वांचे हक्क परस्परांवर अवलंबून आहेत आणि टंचाईत प्रत्येकाने वाजवी वाटा घ्यावा. मुक्काम माण यांच्या आजोबांनी एक दिवसाआड पाणी दिले, ते कोणताही निकाल न वाचता या तत्त्वाप्रमाणेच वागले. आपल्याकडे १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने जमीनमालकाला आपल्या हद्दीतले भूजल काढण्याची मुभा दिली, आणि त्याला आवर घालू पाहणारा महाराष्ट्राचा भूजल अधिनियम पुढे २००९ चा आला.

आता किन्केडकडे येऊ. तो बंदुकीच्या धाकाने पाणी रोखत असला, तरी शेवटी त्याला हवी आहेत ती कागदपत्रे. रँचवाल्यांच्या सह्या झाल्या की त्याची लूट कायदेशीर होणार आहे. म्हणून सँडीला नुसती बंदूक चालवून भागत नाही, त्याला पाण्याची परिस्थितीच बदलावी लागते. पाणी सर्वत्र वाहू लागले की किन्केडच्या कागदाला किंमत उरत नाही. कृष्णधवल यांना न्यायालय हवे होते, पण तिथे उलटतपासणीत किन्केडने कदाचित सगळ्यांच्या सह्या दाखवल्या असत्या.

विजयराज

मला एक शंका मांडायची आहे आणि ती कोणाला दुखावण्यासाठी नाही. आठवडाभरात उरकलेल्या, शनिवारच्या खेळाला येणाऱ्या मुलांसाठी काढलेल्या चित्रपटात आपण फार खोल अर्थ पाहत नाही ना? तेव्हाच्या लेखकाला एक खलनायक, एक मुलगी, दोन पाठलाग आणि एक स्फोट एवढेच हवे होते. पाण्याऐवजी सोने किंवा गुरे असती तरी कथा तशीच चालली असती.

सांताक्लॅरिटाकर

विजयराज, तुमच्या मताचा आदर ठेवून ठाम असहमती नोंदवतो. सोने असते तर कथा तशीच चालली नसती, आणि हे मी जिथे राहतो तिथून सांगू शकतो.

लॉस एंजेलिसच्या उत्तरेकडचा हा डोंगराळ, कोरडा पट्टा म्हणजे त्या काळच्या छोट्या वेस्टर्न निर्मात्यांचे अंगणच. इथे नोव्हेंबर ते मार्च या काळात पाऊस पडला तर पडतो. उरलेले वर्ष टेकड्या सुक्या गवताच्या रंगाच्या असतात. लॉस एंजेलिस शहराने विल्यम मलहॉलंड यांच्या देखरेखीखाली ओवेन्स खोऱ्यातून २३३ मैल लांबीचा कालवा काढून १९१३ मध्ये पाणी शहरात आणले. त्यासाठी त्या खोऱ्यातल्या जमिनी आणि पाण्याचे हक्क विकत घेतले गेले. व्यवहार कागदावर कायदेशीर होते आणि खोरे वाळत गेले. मे १९२४ मध्ये तिथल्या लोकांनी सुरुंग लावून कालवा फोडला. त्याच नोव्हेंबरमध्ये लोन पाइन गावाजवळच्या अलाबामा गेट्स येथे लोकांनी दरवाजे ताब्यात घेऊन पाणी पुन्हा जुन्या पात्रात सोडले आणि बायकामुलांसह चार दिवस तिथेच मुक्काम ठोकला. जवळपास चित्रीकरण करत असलेल्या टॉम मिक्स या वेस्टर्नच्या नायकाने त्यांच्यासाठी आपली वादक मंडळी पाठवली, असे सांगतात. १९२७ मध्ये पुन्हा सुरुंगांचे सत्र झाले.

त्यानंतर आले १२ मार्च १९२८. सॅन फ्रान्सिस्किटो घळीतले, मलहॉलंड यांनीच बांधलेले सेंट फ्रान्सिस धरण मध्यरात्रीच्या सुमारास फुटले आणि चारशेहून अधिक माणसे वाहून गेली. वेस्टर्नचा ज्येष्ठ नायक हॅरी कॅरी याच्या रँचवरचे व्यापारी ठाणे त्या लोंढ्यात नाहीसे झाले. मी त्या घळीत गेलो आहे. रस्त्याच्या कडेला काँक्रीटचे मोठमोठे तुकडे झुडपांत अजून पडलेले आहेत. एका तुकड्यावर हात ठेवला तर त्यातले गोटे बोटांना लागतात.

हे सारे घडून पुरती सहा वर्षेही झाली नव्हती, तेव्हा हा चित्रपट आला. सुरुंग, अडवलेले पाणी, कागदावरचे हक्क आणि माणसाला गिळणारा लोंढा. ब्रॅडबरी यांनी जाणूनबुजून हे संदर्भ घेतले, असा दावा मी करत नाही. पण इथल्या चित्रपटगृहात बसलेल्या माणसाला पडद्यावर पाणी उसळताना पाहून काय काय आठवले असेल, याचा विचार केल्याशिवाय मला तो शेवट पाहता येत नाही.

विजयराज

सांताक्लॅरिटाकर, ही माहिती मला नव्हती. सोन्याचे विधान मी मागे घेतो.

चेतकप्रेमी

मूळ विषयापासून थोडे बाजूला जाऊन घोड्यांविषयी लिहायचे आहे. या मालिकेत साहसदृश्यांची धुरा याकिमा कनट यांच्याकडे होती. ते मूळचे रोडिओचे, म्हणजे काउबॉयांच्या घोडेस्वारीच्या स्पर्धांचे, विजेते. 'स्टेजकोच'मध्ये धावत्या घोड्यांवर झेप घेऊन मग गाडीखालून घसरत जाणारे तेच, 'बेन-हर'मधली रथांची शर्यत बसवणारेही तेच, आणि त्यांना पुढे मानद ऑस्करही मिळाले. कॅमेऱ्याचा कोन असा धरायचा की ठोसा चेहऱ्यासमोरून निघून जातो पण लागल्यासारखा दिसतो, ही मारामारीची पद्धत याच काळात कनट, वेन आणि ब्रॅडबरी यांनी बसवली असे सांगितले जाते.

पण ज्या दृश्यांत घोडा पळता पळता एकदम तोंडावर कोसळतो, ती मला पाहवत नाहीत. घोड्याच्या पुढच्या पायांना तारा बांधून ठरावीक अंतरावर त्याला पाडण्याची रीत तेव्हा सर्रास होती. १९३९ च्या 'जेसी जेम्स'मध्ये कड्यावरून पाण्यात ढकललेला घोडा मेला, त्यावर ओरड झाली आणि मग कुठे प्राणिरक्षण संस्थेची देखरेख हॉलिवुडमध्ये सुरू झाली. न्यायाची चर्चा चाललीच आहे, तर या मुक्या जीवांची आठवण नोंदली जावी एवढीच इच्छा.

सई_प

चेतकप्रेमी, हे अस्थानी मुळीच नाही.

मला आणखी एक व्यक्ती या चर्चेत आणायची आहे आणि ती म्हणजे फे डेंटन. सेसिलिया पार्कर या अभिनेत्रीने ती साकारली आहे. चित्रपटात तिची पहिली ओळख होते ती टपालगाडी लुटताना! त्या काळच्या या चित्रपटांत नायिका बहुधा वडिलांच्या दुःखाने डोळे पुसत दारात उभी असते. फे मात्र सँडी येण्याआधीच स्वतःच्या हिमतीवर किन्केडशी लढते आहे. कायद्याच्या दृष्टीने तो दरोडा आहे, यात वाद नाही. पण सरकारी अधिकारी असलेला सँडी तिला पकडत नाही, उलट पाठलाग करणाऱ्यांपासून वाचवतो. कायदा आणि न्याय यांतले अंतर त्याने पहिल्या काही मिनिटांतच ओळखले आहे. मला खंत एवढीच, की पुढे कथा तिला स्वयंपाकघरात नेऊन बसवते.

अंजलीवैद्य

सई, फारच मार्मिक निरीक्षण. याच संदर्भात 'किंग ऑफ द पेकोस' हा १९३६ चा चित्रपट पाहावा असे सुचवते. तोही वेनचाच, तोही पाण्याच्या हक्काचाच, मात्र 'रिपब्लिक' संस्थेचा आणि जो केन यांनी दिग्दर्शित केलेला. त्यात नायकाच्या आईवडिलांना पाण्यासाठी मारले जाते आणि तो मोठा होऊन चक्क वकील होतो. म्हणजे कृष्णधवल यांना हवे असलेले न्यायालय तिथे आहे. तो खलनायकाविरुद्ध दावा लावतो, जिंकतोही, पण निकालाची अंमलबजावणी करायला शेवटी त्याला बंदूकच उचलावी लागते. दोन्ही चित्रपट पाठोपाठ पाहिले, तर 'रायडर्स ऑफ डेस्टिनी'चा शेवट मला अधिक समाधान देतो, आणि हे मी माझ्या व्यवसायाशी प्रामाणिक राहूनच सांगते आहे.

रीळवेडा

सँडी सरकारी माणूस निघतो, या मूळ मुद्द्यावर एक पुरवणी जोडतो. चित्रपट ऑक्टोबर १९३३ चा. त्या वर्षी मार्चमध्ये रूझवेल्ट अध्यक्ष झाले होते, बँका कोसळल्या होत्या, शेतकरी जमिनी गमावत होते आणि कोलोरॅडो नदीवर सरकारी पैशातून प्रचंड धरण उभे राहत होते. छोट्या माणसाला बड्या धनिकाच्या तावडीतून सोडवायला वॉशिंग्टनहून कोणी तरी येईल, ही तेव्हाच्या सामान्य माणसाची आस होती. चित्रपटाने त्या आशेला पांढऱ्या घोड्यावर बसवले. म्हणून मला सँडीचे सरकारी असणे खटकत नाही.

कृष्णधवल

सर्वांचे मनःपूर्वक आभार. इतके प्रतिसाद वाचल्यावर काल रात्री चित्रपट पुन्हा पाहिला, आणि या वेळी मुक्काम माण यांनी सांगितल्याप्रमाणे फक्त पाण्याकडे पाहिले.

माझ्या पहिल्या लेखात मी 'खलनायकाला शिक्षा निसर्ग देतो' असे लिहिले होते. ते वाक्य आता मला चुकीचे वाटते. विहीर उडवण्याचा निर्णय शेवटी किन्केडचा होता. सँडीने त्याला फक्त त्याच्या स्वभावाप्रमाणे वागू दिले. डेंटनची विहीर नष्ट झाली की सारे खोरे आपल्या पायाशी येईल, हा हिशेब ज्याला सुचतो तोच त्या सापळ्यात सापडू शकतो. बांधापलीकडच्याला एक दिवसाआड पाणी देणारा माणूस त्यात कधीच सापडला नसता. न्यायालयाचा माझा आग्रह मी सोडतो आहे. मात्र सई यांच्याप्रमाणे मलाही वाटते, की फेच्या वाट्याला शेवटी अधिक काही यायला हवे होते.

मुक्काम माण, एक विचारू का? आजोबांनंतर बंद झालेले ते पाणी पुन्हा सुरू करणे आता शक्य आहे का? उत्तर देण्याचे बंधन नाही.

मुक्काम_माण

कृष्णधवल, त्या घरातला माझ्या वयाचा मुलगा आता पुण्याला असतो, पण त्याचे आईवडील गावीच आहेत आणि त्यांच्याकडे चार जनावरे आहेत. दिवाळीला मी गावी जाणार आहे. वडिलांशी बोलून पाहतो. पाइप टाकायला फार तर दोन दिवस लागतील.

बाळबोध

मंडळी, मला हा चित्रपट घरच्यांना दाखवायचा आहे. जालावर त्याच्या बऱ्याच प्रती दिसतात, काही रंगीत, काहींत सतत वाद्ये वाजत असतात. कोणती पाहावी?

रीळवेडा

बाळबोध, स्वामित्वहक्काचे नूतनीकरण न झाल्याने हा चित्रपट अमेरिकेत सर्वांसाठी खुला झालेला आहे, म्हणून इतक्या आवृत्त्या निघाल्या. रंग आणि ते संगीत नंतर चढवलेले आहेत. रंग आणि संगीत न चढवलेली मूळ काळी-पांढरी प्रतच निवडा. सई यांनी सांगितलेला रस्त्यावरचा प्रसंग मागे वाद्यवृंद वाजत असताना पाहिला, तर त्यातला सगळा दरारा निघून जातो. तिथे एका माणसाच्या गाण्यापलीकडे काहीच ऐकू येता कामा नये.